उजवं कोपर: दुरुस्तीच्या नोंदी

११ जानेवारी

आज वेगळी वही काढली. जिमच्या नेहमीच्या वहीत किती किलो, किती सेट (एका दमात केलेल्या रेप्सचा गट; एक रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल) एवढंच लिहितो. कोपराला त्यात जागा नाही, आणि दुखणं तर तीन आठवडे मुक्काम ठोकून बसलंय.

आजची स्थिती: उजवा हात, कोपराची आतली बाजू. हाडाचं टोक बोटाला लागतं तिथून साधारण एक बोट खाली. चिन-अपच्या (बारला लटकून हनुवटी बारच्या वर न्यायची) पहिल्या दोन रेप्सना कळ येते आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत चक्क नाहीशी होते. सेट संपला की आपण मजेत. रात्री ठणका. सकाळी पाण्याने भरलेलं पातेलं उचलायला गेलो की डावा हात न सांगता मदतीला येतो.

या मध्येच नाहीसं होण्याने मला फसवलं. अंग गरम झाल्यावर दुखत नाही म्हणजे काही बिघडलेलं नाही, असा सोयीचा हिशेब मी करत राहिलो. वजन मात्र एकदाही कमी केलं नाही.

काम पूर्ण कधी म्हणायचं? सलग १० चिन-अप आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका नाही. मुदत लिहीत नाही. मनात चार आठवडे आहेत.

१२ जानेवारी

नक्की कुठे दुखतंय ते आधी ठरवलं. हात टेबलावर उताणा ठेवला, डाव्या हाताने तळवा दाबून धरला आणि मनगट वर वळवायचा प्रयत्न केला. कळ. मग हात पालथा करून तेच, मनगट मागे उचलायचं: काही नाही. नुसतं मधलं बोट दाबाविरुद्ध उचललं, तरी काही नाही. म्हणजे बाहेरच्या बाजूचं टेनिस एल्बो नव्हे, आतल्या बाजूचं गोल्फर्स एल्बो. गोल्फची काठी मी आयुष्यात हातात धरलेली नाही.

नावांवर जाऊ नये हेच खरं. टेनिस एल्बोचं पहिलं वर्णन १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने केलं, तेही लिहून लिहून हात दुखणाऱ्यांचं. टेनिस त्या नावात १८८० च्या दशकात आलं. दुखण्याला खेळ कळत नाही, आवळलेली मूठ आणि वळलेलं मनगट तेवढं कळतं.

१४ जानेवारी

जुनी वही घेऊन बसलो. डोक्यात एकच प्रश्न होता: कुठल्या दिवशी लागलं? एखादी वाकडी रेप, एखादा झटका सापडेल असं वाटत होतं. सापडला नाही. सापडलं ते दुसरंच.

ऑक्टोबरमध्ये आठवड्याला चिन-अप ३०, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) ४०, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) २५. एकूण ९५ रेप्स. नोव्हेंबरच्या शेवटी 'रोज थोडे थोडे' हे खूळ डोक्यात शिरलं आणि चिन-अप पाच दिवसांत मिळून ११० वर गेले. डिसेंबरमध्ये सरळ बारचे कर्ल (कोपर मिटून वजन वर आणणं) नव्याने घेतले, ६०. रोइंगही ४० चे ६० झाले. डेडलिफ्ट तेवढंच. बेरीज २५५.

अडीचपटीहून जास्त, तेही सहा आठवड्यांच्या आत. आणि मला हे दिसलं का नाही? कारण माझ्या वहीत पाठीचं पान वेगळं, दंडाचं वेगळं, पायांचं वेगळं. प्रत्येक पानावरची वाढ बेताचीच दिसते. कोपराचं खातं मात्र एकच आहे आणि सगळी पानं त्याच खात्यातून उचल करतात.

मनगट आत वळवणारे, बोटं मिटणारे आणि तळवा पालथा करणारे मिळून पाच स्नायू त्या आतल्या हाडाच्या टोकाला एकाच जाड मुळाने चिकटलेले असतात. बार धरला की ते कामाला लागले, मग तुम्ही म्हणायला पाठीचा व्यायाम करत असा की पायांचा. चिन-अपमध्ये तर तळवा आपल्याकडे असतो, म्हणजे पालथा करणारा स्नायू आधीच ताणलेला आणि वर अख्ख्या शरीराचं वजन.

स्नायू काही आठवड्यांत तगडा होतो. त्याला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा (जिममध्ये सगळे टेंडनच म्हणतात), तिला महिने लागतात. पाठ ११० चिन-अपला तयार होती, दोरी नव्हती.

१९ जानेवारी

पाच दिवस काहीही केलं नाही. दुखणं शून्यावर. खुशीत येऊन आज कर्लला हात घातला आणि तिसऱ्याच रेपला तीच कळ, त्याच जागी. विश्रांतीने दोरी शांत झाली होती, मजबूत झाली नव्हती. उलट पाच दिवसांत थोडी आणखी आळशी झाली असेल.

बर्फ लावून पाहिला. बर्फ गार लागतो, याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२२ जानेवारी

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे. दुखतं कधी, हे विचारतील अशी अपेक्षा होती. त्यांनी विचारलं, "वाढवलं कधी?"

मी १४ तारखेचं पान पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे काढायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मॅडम."

"बरं झालं. माझी पंधरा मिनिटं वाचली."

मग तपासणी. मनगट दाबाविरुद्ध आत वळवताना दुखलं, पण हस्तांदोलनासारखा हात धरून तळवा पालथा करायला लावल्यावर त्याहून जास्त. हाडाच्या मागच्या खोबणीत बोटाने टिचक्या मारल्या, कोपर पूर्ण मिटवून मिनिटभर धरायला लावलं. कोपर टेबलावर आपटल्यावर झिणझिण्या आणणारी नस तिथूनच जाते. काही झालं नाही. मान इकडेतिकडे वळवूनही पाहिली, कारण मानेतली नस दबली तरी दुखणं कोपरात उतरू शकतं.

"करंगळीत आणि अनामिकेत मुंग्या आल्या, पकड सैल पडायला लागली, तर वाट बघत बसू नका, लगेच या. व्यायाम करताना काही तुटल्यासारखा आवाज आला, हात काळानिळा पडला किंवा कोपर सरळ होईना, तरीही. तो वेगळा मामला. हे तुमचं नेहमीचं आहे."

नेहमीचं म्हटल्यावर जरा वाईटच वाटलं.

सूज कमी करायची गोळी घेऊ का, विचारलं. त्यांनी सांगितलेलं आठवेल तसं लिहितोय: १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन या दोघा शल्यविशारदांनी टेनिस एल्बोच्या रुग्णांच्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सूज आल्यावर जमतात त्या पेशी तिथे जवळपास नव्हत्याच. विस्कटलेले धागे आणि भलतीकडे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या होत्या. नीट न विणलेली दोरी. "गोळीने आजची रात्र सुखाची जाईल," त्या म्हणाल्या, "दोरी विणली जाणार नाही."

आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन? ओळखीतल्या एकाने घेतलं होतं, आठवड्यात बरा झाला होता. मॅडमनी विचारलं, "आणि वर्षाने?" ते मला माहीत नव्हतं. २०१३ मध्ये १६५ जणांवर झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. तोही टेनिस एल्बोचाच, पण दोरी त्याच जातीची. स्टिरॉइडवाल्यांना पहिल्या काही आठवड्यांत छान वाटलं. वर्षभरात दुखणं उलटलं ते त्यांच्यातल्या ५४ टक्क्यांचं, खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन मिळालेल्यांपैकी १२ टक्क्यांचं. मी विषय सोडून दिला.

"मग चार आठवड्यांत होईल ना?"

"बारा धरा. लवकर झालं तर मला पेढे नकोत, फक्त खोटं सांगू नका."

२३ जानेवारी

ठरलेलं काम. चिन-अप आणि कर्ल बंद. बेंच प्रेस चालू. डेडलिफ्टला पट्टे बांधायचे म्हणजे मुठीवरचा भार उतरतो. रोइंग डंबेलने, तळवा शरीराकडे ठेवून, तेही पट्ट्यांसह. स्क्वॉट, म्हणजे पाठीवर बार घेऊन बैठका, नेहमीसारखे.

औषध म्हणून रोज एकच गोष्ट: हात मांडीवर उताणा, मनगट सरळ, ८ किलोचं डंबेल धरून ४५ सेकंद नुसतं स्थिर राहायचं. पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं.

मोजमाप हा यातला खरा भाग. करताना १० पैकी ३ पर्यंत दुखलं तर चालेल. पण निकाल त्या क्षणाचा धरायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचा धरायचा. जोरदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस कंडरेत कोलॅजनची (तिचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन) मोडतोड जास्त आणि भर कमी चालते, भर पुढे येऊन पडते. म्हणून आज बरं वाटलं याला फारसा अर्थ नाही.

सकाळची परीक्षा मी ठरवली: उठल्यावर ओलं फडकं पिळायचं, उजव्या हाताने आतल्या दिशेने पीळ द्यायचा, आणि आकडा लिहायचा. आजचा आकडा ५.

२ फेब्रुवारी

दहा दिवस. सकाळचे आकडे: ५, ५, ४, ५, ४, ४, ३, ४, ३, ३.

४५ सेकंद किती मोठे असतात हे घड्याळाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या फेरीत ३ दुखतं, चौथीत जेमतेम १. दुखणं असं तिथल्या तिथे का उतरतं हे मॅडमनी समजावलं होतं, मी अर्धंच ऐकलं. मला उतरतंय एवढं पुरे.

९ फेब्रुवारी

आजपासून हालचाल. इथे अवजारांचा खोका उपयोगी पडला.

हातोडी घेतली, दांड्याच्या मध्याजवळ धरली, डोकं वर. हात टेबलावर टेकवला, मनगट कडेच्या बाहेर. आता हातोडीला बाहेरच्या बाजूला हळूहळू आडवी होऊ द्यायचं, मनात चार आकडे मोजत, तळवा पूर्ण उताणा होईपर्यंत. परत उभी करायला डावा हात. म्हणजे उजव्याने फक्त उतरवायचं, चढवायचं नाही. १५ वेळा, तीन सेट, एक दिवसाआड. त्याच दिवशी डंबेलने मनगटाचंही तसंच: दोन्ही हातांनी वर, एकट्या उजव्याने खाली.

हातोडीत वजन वाढवायची सोय फार छान आहे. मूठ शेपटाकडे बोटभर सरकवली की तीच हातोडी जड होते. दांड्यावर पेन्सिलने आजची रेघ मारली. पहिल्या सेटला चौथ्या आकड्याआधीच डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि खळगा पडला. आता खाली जुनी उशी ठेवलीय.

फक्त उतरवण्याची ही पद्धत हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरने १९९८ मध्ये टाचेच्या कंडरेसाठी मांडली: १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि दुखत असलं तरी. नंतर कळलं की उतरवण्यातच काही जादू नाही, सावकाश आणि पुरेसं जड काम दोन्ही दिशांनी केलं तरी चालतं. पण माझ्या कोपराला अजून चढवताना कळ येते, तेव्हा मी आपला उतरवतोय. रबरी दांडा पिळून हेच करण्याची एक रीतही आहे. माझ्याकडे हातोडी होती.

२१ फेब्रुवारी

सकाळचा आकडा सलग चार दिवस १. जिममधला मित्र म्हणाला, "अरे, आता बरा आहेस ना? दोन-चार मारून बघ की." दोन-चार म्हणजे ८ चे तीन सेट. करताना वेदना १. इतकं हलकं गेलं की चौथा सेट घेणार होतो.

२२ फेब्रुवारी

५.

२३ फेब्रुवारी

६. दात घासताना ब्रश डाव्या हातात. २४ रेप्समध्ये चार आठवडे धुऊन निघाले. मित्राला दोष देता येत नाही, बारला लटकलो मीच. मॅडमना कळवलं. उत्तर आलं, "खोटं सांगितलं नाहीत, ठीक. परत ४५ सेकंदांवर."

३ मार्च

आकडा ३ वर उतरला, पण तिथेच अडला. हातोडी इमानदारीने चालू, चिन-अप शून्य, तरी अडला. सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर, मग खाली. करवतीच्या दात्यांसारखा.

हे तिन्ही माझे स्क्वॉटचे दिवस. पायांचा व्यायाम म्हणून मी त्याला संशयितांच्या यादीत घेतलंच नव्हतं. १४ जानेवारीच्या बेरजेतही नाही. आज फोन मागे ठेवून चित्रण केलं. बार पाठीवर खाली, खांद्यांच्या हाडांवर, लो-बार म्हणतात तसा. मनगटं मागे मोडलेली, कोपरं वर उचकटलेली, आणि वजनाचा बराच वाटा पाठीऐवजी तळहातांवर. माझे खांदे आखडलेले असल्यामुळे हात तिथवर नीट पोचत नाहीत, ती कसर मनगट आणि कोपर भरून काढतं. तीन दिवस, प्रत्येकी पाच सेट, शिवाय गरम होण्याचे वेगळे.

एवढी बेरीज मांडून मुख्य उधारी राहिली होती.

बदल: बार वर, मानेखालच्या मांसल भागावर. पकड वीतभर जास्त रुंद. मनगट सरळ, अंगठा बारच्या वरून. वजन १० किलो उतरवावं लागलं, त्याचं दुःख चित्रण पुन्हा पाहिल्यावर कमी झालं. सेटच्या आधी काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावरून मागे-पुढे, दहा वेळा.

१२ मार्च

करवतीचे दाते गेले. सकाळी १, १, ०, १. हातोडीची मूठ शेपटाला टेकली, आता सरकवायला दांडाच उरला नाही. हातोडीच्या मानेला घोट्याला बांधायचं छोटं वजन बांधलं.

१८ मार्च

दोन रात्री पहाटे करंगळी बधिर होऊन जाग आली. घाबरलो, कारण मॅडमनी नेमकं हेच सांगितलं होतं. तपासणीत पकड ठीक, दिवसा काही नाही. मग झोपतो कसा ते विचारलं. कुशीवर, उजवा हात पूर्ण मिटवून, पंजा उशीखाली. कोपर मिटलं की ती नस हाडाच्या मागून ताणली जाते, आणि मी तिला सहा-सात तास ताणून ठेवत होतो.

उपाय: झोपताना कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळायचा, म्हणजे ते पूर्ण मिटतच नाही. तरी राहिलं तर पुढच्या तपासण्या.

२४ मार्च

पाच रात्री मुंग्या नाहीत. टॉवेल चालू. घरात या अवतारावर बरंच बोलून झालंय.

५ एप्रिल

बारला नव्हे, लाकडी कड्यांना लटकलो. सरळ बार तळव्याला एकाच कोनात जखडून ठेवतो, मग वर जाताना हाताला जे फिरायचं असतं ते सगळं कोपरात साठतं. कडी हाताबरोबर फिरते. आज फक्त लटकणं: २० सेकंद, चार वेळा. सकाळी ०.

८ एप्रिल

कड्यांवर ३ रेप्स, तीन सेट. वर जाताना तळवे आपोआप एकमेकांकडे वळले, मी वळवले नाहीत. करताना १. सकाळी १. त्याच्या पुढच्या सकाळी ०. चालेल.

२६ एप्रिल

कड्यांवर ५ चे चार सेट, आठवड्यातून दोनदा. नव्या वहीत आता शेवटी एक स्तंभ आहे, 'मूठ'. ज्या ज्या व्यायामात काही धरायचं, त्या सगळ्याची बेरीज तिथे जाते, स्क्वॉटसकट. या आठवड्यात १२०. पुढच्या आठवड्यात १३० च्या वर न्यायचं नाही. मित्र त्या स्तंभाकडे पाहून हसला, मग म्हणाला, "माझंही एकदा काढून दे." त्याचं बाहेरच्या बाजूला दुखतं, दोन महिने झाले, बोलला नव्हता.

१७ मे

सरळ बार, तळवे आपल्याकडे. म्हणजे जिथून हे सुरू झालं तिथे. ४, ४, ३. शेवटच्या सेटला चौथी येत होती, सोडली. करताना १.

बारा आठवडे धरा म्हणाल्या होत्या. फेब्रुवारीतला तो एक दिवस आणि स्क्वॉटचं उशिरा कळणं धरून सोळा झाले.

१८ मे

फडकं पिळलं. ०.

१९ मे

०. गुरुवारी ४, ४, ४. हातोडी एक दिवसाआड चालूच.